पाचास एक: चिनी काढा आणि आपलं हिमोग्लोबिन

‘रक्त वाढवणारी चिनी मुळी’ म्हणून दांगगुईच्या कॅप्सूल ऑनलाइन सर्रास मिळतात. मी फार्मसी शिकवतो, त्यामुळे विद्यार्थी विचारतात, “सर, याने हिमोग्लोबिन खरंच वाढतं का?” मी उलट विचारतो, कोणाचं? आणि ते उतरलंय कशामुळे? हे दोन प्रश्न सोडून चिनी औषधांवर कितीही वाद घाला, हाती काही लागत नाही.

मूळ औषध कॅप्सूल नव्हतंच. ‘दांगगुई बूश्वे तांग’ हा दोन मुळ्यांचा काढा ली दोंगयुआन या वैद्याने १२४७ च्या ग्रंथात लिहून ठेवला. १२३२ मध्ये मंगोलांनी खायफंगला वेढा घातला तेव्हा ली त्या शहरातच होता. वेढा उठल्यावरही माणसं पटापट मरत राहिली, ती त्याने पाहिली. उपासमार आणि अतिश्रम यांनी शरीर आतून कसं खचतं, हा पुढे त्याचा आयुष्यभराचा विषय झाला. या काढ्याचा रोगीही तसाच आहे: उपाशीपोटी राबलेला, चेहरा लालबुंद, अंगाची काहिली, तहान भागत नाही, नाडी वरवर मोठी लागते पण दाबली की हाताला काहीच लागत नाही.

प्रमाण बघा. नाव दांगगुईचं, पण तिच्या पाचपट हुआंगची, म्हणजे काढ्यातली दुसरी मुळी. एक लियांग (म्हणजे दहा छियान, ही जुनी चिनी वजनं) हुआंगचीला दोन छियान दांगगुई, तीही मद्यात धुतलेली. दोन पेले पाणी घालून एक पेला उरेपर्यंत आटवायचं, गाळायचं आणि जेवणाआधी कोमट प्यायचं. पारंपरिक कारण असं की रक्त निर्माण होतं ते ‘ची’मधून, म्हणजे शरीरातल्या प्राणशक्तीतून, म्हणून आधी हुआंगचीने ची भरून काढायची.

मला खरा आनंद होतो तो पुढच्या गोष्टीचा. हाँगकाँग विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवेगळी प्रमाणं उकळून तपासली. पाचास एक या प्रमाणात फेरुलिक ॲसिड आणि हुआंगचीतली ॲस्ट्रॅगॅलोसाइड ही उपयोगी मानलेली द्रव्यं काढ्यात चांगली उतरली आणि दांगगुईतलं लिगुस्टिलाइड, जे या काढ्यात कमी असलेलं बरं मानतात, ते कमी झालं. मद्यात धुण्यानेही लिगुस्टिलाइड घटतं. दोन्ही मुळ्या एकत्र उकळलेला काढा आणि वेगवेगळे उकळून नंतर मिसळलेले अर्क यांचे परिणामही सारखे आले नाहीत. पेशींवरच्या प्रयोगांत या काढ्याने एरिथ्रोपोएटिन वाढवलं. मूत्रपिंडातून येणारं हे संप्रेरक अस्थिमज्जेला लाल पेशी बनवायला लावतं. सातशे-आठशे वर्षांपूर्वीचं प्रमाण असं प्रयोगशाळेत टिकतं तेव्हा त्याला ‘थोतांड’ म्हणून उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो.

पण पेशींवरचा प्रयोग म्हणजे रोगी बरा झाला असं नव्हे. आणि समजा, माणसातही एरिथ्रोपोएटिन वाढलं, तरी आपल्याकडचा सगळ्यात मोठा प्रश्न सुटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला. त्याचं एक मोठं कारण लोहाची कमतरता. अशा शरीरात एरिथ्रोपोएटिन बहुधा आधीच वाढलेलं असतं. अस्थिमज्जेला निरोप पोचलेला असतो, हिमोग्लोबिन बांधायला लोह नसतं. निरोप आणखी मोठ्याने देऊन काय होणार?

लोहाची जाण जुन्या वैद्यांना नव्हती असं मात्र नाही. चीनमध्ये झाओफान म्हणजे हिराकस, मूळचं फेरस सल्फेटच, फिकट पिवळ्या पडलेल्या रोग्याला देत आले आहेत. चरकसंहितेतल्या पांडुरोगाच्या नवायस चूर्णात त्रिफळा, त्रिकटू, नागरमोथा, वावडिंग आणि चित्रक अशी नऊ द्रव्यं, आणि त्यांच्या एकूण वजनाइतकं लोह. ‘जडीबुटी’च्या जाहिरातीतून नेमकं हेच गळतं.

मिश्रणात नाव आणि मुळी यांची गल्लत झाली तर काय होतं, ते ब्रसेल्समध्ये दिसलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन घटवायच्या मिश्रणात फांगजी या चिनी मुळीच्या जागी ॲरिस्टोलोकिया कुळातली दुसरीच मुळी गेली. शंभराहून अधिक रोग्यांची, बहुतेक स्त्रियांची, मूत्रपिंडं खराब झाली, अनेकांची पूर्ण निकामी झाली. मूत्रपिंड गेलं की एरिथ्रोपोएटिन गेलं, म्हणजे ॲनिमियाही आलाच.

म्हणून नुसती दांगगुई डबीत भरून ‘प्राचीन रक्तवर्धक’ म्हणणाऱ्यांवर माझा आक्षेप आहे. हुआंगची नाही, आटवणं नाही, रोगी तपासलेला नाही. मग लीचं नाव कशाला घेता? आणि खरं कारण मागेच राहतं: पाळीत जास्त जाणारं रक्त, मूळव्याध, आतड्यातला रक्तस्राव, जंत, बी-१२ ची कमतरता, सिकलसेल, थॅलेसेमिया. थॅलेसेमियाच्या रोग्यात तर लोह आधीच साठत असतं. त्याला लोहाच्या गोळ्यासुद्धा मनाने देऊ नयेत.

घरात कोणाचं हिमोग्लोबिन कमी आलं असेल तर सीबीसीच्या (रक्तपेशींच्या तपासणीच्या) कागदावर एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, बघा, डॉक्टरांना फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) तपासायचं का ते विचारा. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी निघालं तर रक्त कुठून जातंय याचा शोध घ्यायला लावा. कोणी वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं औषध घेत असेल तर दांगगुई अजिबात नको, तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि काढा आधीच सुरू असेल तर लपवू नका, बाटली घेऊनच डॉक्टरांकडे जा.