बापाचं नाव कोणत्या रकान्यात?

आमच्या 'ड' वर्ग वाचनालयाचा कॅटलॉग लिंक्ड डेटात, म्हणजे वेबवर एकमेकींना जोडलेल्या नोंदींत, आणायचं खूळ भाच्याच्या डोक्यात शिरलं आणि माझी दिवाळी गेली. भाचा नागपुरात ग्रंथालयशास्त्र शिकतो. "मामा, सोप्पं आहे. प्रत्येक लेखकाला एक युआरआय, म्हणजे वेबवरची स्वतंत्र ओळखखूण, द्यायचा आणि त्याची एकेक माहिती योग्य ती प्रॉपर्टी, म्हणजे रकाना, लावून नोंदवायची. पहिले नाव."

"नाव लिहाले काय लागते राजेहो?" अध्यक्ष म्हणाले. ते पेपर वाचायला येतात आणि कारभार पाहून जातात.

तुकडोजी महाराजांची मोझरी जवळची, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून केली. भाच्याने 'फोफ' नावाचा, माणसांची माहिती नोंदवायच्या प्रॉपर्ट्यांचा शब्दसंग्रह उघडला. त्यात आडनावाला चार प्रॉपर्ट्या: फॅमिलीनेम, तेच मधे अंडरस्कोर घालून, सरनेम आणि लास्टनेम. पैकी दोन कालबाह्य, पण घरातल्या मोडक्या खाटेसारख्या तशाच पडून. आणि बापाच्या नावाला? एकही नाही! महाराजांचं पाळण्यातलं नाव माणिक, वडील बंडोजी, 'तुकडोजी' हे गुरूंनी दिलेलं. भाच्याने जरा विचार करून लास्टनेममध्ये 'महाराज' टाकलं. पुढची नोंद गाडगे महाराजांची. तिथेही 'महाराज'.

"म्हंजे हे दोघं भाऊभाऊ झाले का?" अध्यक्षांनी विचारलं. मग जन्मनावं शोधली. गाडगेबाबा डेबूजी झिंगराजी जाणोरकर निघाले, तर कवी ग्रेस माणिक सीताराम गोडघाटे. म्हणजे पुन्हा माणिक! जुन्या मार्कमध्ये, म्हणजे ग्रंथालयांच्या संगणकी नोंदींच्या साच्यात, बरं होतं. ग्रेससारख्या एकाच नावाच्या माणसाला लेखकाच्या नावाच्या 100 फील्डचा पहिला इंडिकेटर, म्हणजे खुणेचा आकडा, 0, आडनाववाल्याला 1, की विषय मिटला.

स्कीमा डॉट ऑर्ग या दुसऱ्या शब्दसंग्रहात बापाची सोय आहे म्हणे. 'अॅडिशनलनेम', मधल्या नावाला चालतं.

"बाप अॅडिशनल काऊन बाप्पा?" अध्यक्ष उखडले. "सातबारा बापाच्या नावानं येते ना!"

खरी पंचाईत गावातल्या कवयित्रीने केली. पहिला संग्रह माहेरच्या नावाने, दुसरा सासरच्या. मधलं नावही बदललं, आडनावही. दोन युआरआय दिले तर एका बाईच्या दोन बाया होतात. नावाचे तुकडे करत बसलो असतो तर होळीपर्यंत पुरलं असतं. म्हणून मी निकाल दिला: तुकडे नकोच. अख्खं नाव, मुखपृष्ठावर जसं आहे तसं, स्कॉस नावाच्या आणखी एका शब्दसंग्रहाच्या प्रेफलेबलमध्ये, म्हणजे मुख्य नावाच्या रकान्यात. एका भाषेत प्रेफलेबल एकच चालतं, त्यामुळे भांडण आपोआप मिटतं. बाकीची सगळी नावं ऑल्टलेबलमध्ये, म्हणजे पर्यायी नावांत, ती कितीही चालतात. बाईंना विचारलं, तर त्यांनी प्रेफलेबलला माहेरचं नाव निवडलं. यजमान त्या दिवशी कापूस विकायला गेले होते.

अध्यक्षांचंही एक पुस्तक कपाटात आहे, ग्रामस्वच्छतेवरचं. त्यांना नावाआधी 'माजी सरपंच' आणि नंतर 'पाटील' हवंय, तेही प्रेफलेबलमध्येच. मी दोन्ही ऑल्टलेबलला टाकून 'झालं' म्हणून सांगितलं. पडद्यावर आपलं नाव तीनदा दिसतंय म्हणून ते सध्या खूश आहेत.