टॅब पडतात म्हणून ग्लूच लावायचा? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

ताई, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली, दोन ओळीत उत्तर देऊन सुटण्यासारखी ती नाहीये म्हणून सविस्तर लिहितेय.

तुम्ही लिहिलंय की भाच्याच्या मुंजीत सकाळी टॅब, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पातळ पारदर्शक पट्ट्या, लावून प्रेस-ऑन नखं, म्हणजे तयार प्लास्टिकची खोटी नखं, घातली आणि दुपारी पंगतीत श्रीखंड वाढताना अंगठ्याचं नख थेट पातेल्यात पडलं, सगळ्या सासरच्या मंडळींसमोर डावाने शोधून काढावं लागलं. म्हणून टॅब म्हणजे लहान मुलींचा खेळ, ग्लू दोन आठवडे हलत नाही, मी लोकांना टॅबऐवजी सरळ ग्लूच सांगायला हवा होता, टॅबने नखाला बुरशी लागते ती वेगळीच, आणि एवढी हौस असेल तर पार्लरमध्ये जाऊन नखांचं एक्स्टेंशन करून घ्यावं. शेवटी हेही विचारलंत की प्लास्टिकच्या नखाच्या आतून जुना टॅब निघतच नाही, त्याचं काय करायचं. तुमचा राग मला कळतो, चारचौघात असं झालं की जीव नकोसा होतो.

पण ग्लूचा सल्ला मी देणार नाही, आणि का ते सांगते. टॅब ग्लूपेक्षा कमी धरतो हे शंभर टक्के खरंय, आणि मला तो आवडतो तो त्याचसाठी. जोर आला की टॅब सुटतो, आपलं नख शाबूत राहतं. ग्लूमध्ये उलटं होतं, जोर आला तरी ग्लू सोडत नाही, मग सुटतं काय तर आपल्याच नखाचा वरचा थर. नख हे केराटिनच्या पातळ पातळ थरांचं असतं, घट्ट चिकटलेलं प्लास्टिक ओढून काढलं की ते थर पापुद्र्यासारखे निघून येतात आणि खाली पांढरे खरबरीत डाग राहतात, नख इतकं पातळ होतं की गरम पाण्याचा चटका पण लागतो. तो डाग मलमाने जात नाही, नख वाढूनच जावा लागतो, आणि हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं म्हणजे मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवं नख यायला सहाएक महिने जातात. एका मुंजीसाठी सहा महिने, मला नाही पटत.

नेल ग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट, आपल्या घरातल्या फेविक्विकच्या जातीचाच. हवेतली, त्वचेवरची जरा ओल मिळाली की तो काही सेकंदात कडक प्लास्टिक होऊन बसतो. काढायचा तर बोटं ॲसिटोनमध्ये दहा-पंधरा मिनिटं भिजवा, त्यात आजूबाजूची कातडी पांढरी कोरडी पडते आणि नखांचा सेट साध्या प्लास्टिकचा असेल तर तोही विरघळून चिकट लगदा होतो, परत वापरायचा प्रश्नच नाही. ॲसिटोन पेट घेतं हे पण लक्षात ठेवा, देवापुढे समई लागलेली असताना किंवा गॅसजवळ बसून हा उद्योग करू नये.

आणि एक गोष्ट बडोद्यात राहून मला मुद्दाम सांगायचीये कारण फार कमी जणींना माहीत असते. हा ग्लू सुती कापडावर सांडला तर कापड एकदम तापतं, धूर निघण्याइतकं, आणि खालच्या कातडीला भाजू शकतं. आता नवरात्रात आपल्याकडे मुली काय करतात, सुती चनिया-चोळी घालून तयार व्हायचं, मग निघायच्या घाईत मांडीवर हात ठेवून ग्लूची ट्यूब पिळायची. ट्यूबचं तोंड चिकटून बंद झालेलं असतं, जोरात दाबलं की भसकन थेंब मांडीवर. ग्लूच लावायचा हट्ट असेल तर निदान कपडे बदलायच्या आधी, टेबलावर काहीतरी अंथरून लावा, आणि सांडलाच तर कापूस घेऊन पुसायला जाऊ नका, कापूस पण सुतीच की.

आता तुमच्या अंगठ्याकडे येते. तुम्ही लिहिलंय की न्हाणं झाल्यावर लगेच, सॅनिटायझरने नखं पुसून टॅब लावले आणि उठून तयारीला लागलात. ताई, इथेच गोम आहे. एक तर डोक्याला तेल लावून न्हायलं की कितीही शाम्पू केला तरी नखांच्या कडांना तेल राहतं. दुसरं म्हणजे नख पाणी पितं, न्हाल्यावर ते मऊ आणि जरा फुगलेलं असतं, तासाभराने वाळलं की आकार किंचित बदलतो आणि खाली नीट बसलेला टॅब कडेने उचलायला लागतो. आणि तिसरं सॅनिटायझर! बहुतेक सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, हात कोरडे पडू नयेत म्हणून मुद्दाम घातलेलं, डब्ल्यूएचओच्या ठरलेल्या फॉर्म्युल्यात सुद्धा १.४५ टक्के आहे. अल्कोहोल उडून जातं आणि ग्लिसरीनचा थर नखावर तसाच. तेलकट बरणीवर लेबल चिकटवल्यासारखं झालं ते. त्यापेक्षा मेडिकलमध्ये इंजेक्शनच्या आधी पुसायचे अल्कोहोल स्वॅब मिळतात ना, छोट्या चौकोनी पाकिटातले, ते आणा, स्वस्त असतात. एका स्वॅबमध्ये एका हाताची पाच नखं होतात, दुसऱ्या हाताला नवीन घ्या नाहीतर तेच तेल इकडून तिकडे फिरवत बसाल.

पुसायच्या आधी नखं कापून बारीक करा आणि मुळाशी जी पातळ कातडी नखावर चढलेली असते ती लाकडी काडीने हळूच मागे सारा, कापू नका. ती कातडी टॅबखाली आली की तिथूनच हवा शिरते. मग बफरने, म्हणजे नखं घासायच्या मऊ ठोकळ्याने, फक्त चकाकी जाईल इतकंच घासायचं, दोन-तीन हात फिरवले की बास, खरवडायचं नाही.

साइजबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही पण मला शंका आहे की सेटमधलं अंगठ्याचं नख तुम्हाला छोटं किंवा फार सपाट असणार. सेटमध्ये साधारण २४ नखं येतात आणि मागे बारीक नंबर असतो, आधी सगळी कोरडीच बोटांवर ठेवून बघायची आणि ओळीने मांडून घ्यायची, टॅब सोलल्यावर शोधाशोध नको. नख कडेच्या कातडीवर चढता कामा नये आणि कडेला आपलं नख दिसताही कामा नये. दोन नंबरांच्या मधलं माप असेल तर मोठं घेऊन कडेने घासून बसवा. हे सगळ्या जणी करतात. पण सहसा कोणी करत नाही ती गोष्ट म्हणजे नखाचं वळण बघणं. खिडकीपाशी बोट डोळ्यासमोर आडवं धरा आणि टोकाकडून आत बघा, आपलं नख आणि वरचं नख यांच्यात मधोमध उजेड दिसतोय का? दिसत असेल तर तिथे टॅब हवेत लटकणार, तो धरेल कशाला. काही जणींची अंगठ्याची नखं खूप गोलाकार असतात, त्यांनी सपाट नख दाबून बसवलं की ते दिवसभर परत सपाट व्हायला बघतं आणि दोन्ही कडांनी सुटतं. असं नख गरम पाण्यात थोडं धरलं की मऊ पडतं, मग बोटांनी हळूच वळवून गार होईपर्यंत तसंच धरायचं, कोरडं करायचं, मग लावायचं.

टॅब नखापेक्षा एक साइज लहान घ्या, कातडीला लागला की सुटलाच म्हणून समजा. आपल्या नखावर आधी लावा, मुळापाशी जराशी जागा सोडून, आणि वरचा प्लास्टिकचा कागद तसाच ठेवून अंगठ्याने मधून कडेकडे दाबत जा म्हणजे बुडबुडे निघतात. टॅब पारदर्शक असतो, बुडबुडा राहिला तर पांढुरका ठिपका दिसतो. मग चिमट्याने कागद काढा, बोट लावून नाही, बोटाचं तेल परत लागतं. वरचं नख मुळाकडून तिरकं टेकवायचं आणि मग टोकाकडे खाली आणायचं, मधून दाबायचं, दोन्ही कडांनी चिमटीत दाबायचं, अर्धा मिनिट तरी. घाई इथेच होते, पहिली चार बोटं मन लावून होतात आणि अंगठा शेवटी येतो तोवर खालून हाका सुरू झालेल्या असतात. आणि नेमका अंगठाच सगळ्यात जास्त काम करतो, मोबाईल, साडीची पिन, डब्याचं झाकण, सगळं अंगठ्याने. अंगठे आधी लावत जा.

टॅब लगेच पूर्ण धरत नाही, त्याचा गम नखावर हळूहळू बसत जातो आणि तास-दोन तासांनी पकड बरीच वाढलेली असते. म्हणून मी आदल्या रात्री झोपताना लावा म्हणते किंवा निदान निघायच्या बऱ्याच आधी, आणि तेवढा वेळ पाण्यात हात नाही. तुम्ही लावून लगेच पूजेची भांडी विसळलीत, तिथे त्याला बसायला वेळच मिळाला नाही.

लांबीचंही बोलायला हवं. टोक जितकं पुढे तितका मुळाशी ताण जास्त, हे साधं तरफेचं गणित आहे. टॅबवर लांब टोकदार नखं टिकत नाहीत, बोटाच्या टोकापेक्षा किंचित पुढे एवढीच ठेवा. गरब्याला तर नक्कीच. आपल्याकडे शेरी गरब्यात रात्रभर टाळ्या चालतात, तीन टाळीचा गरबा वेगात आला की बोटं बोटांवर आपटतात आणि लांब नखं धडाधड उडतात, वर हाताला घाम. मंगळबाजारात नवरात्राच्या आधी नखांचे सेट ढिगाने लागतात आणि मुली त्यातला सगळ्यात लांब उचलतात, मला दर वेळी त्यांना थांबवून सांगावंसं वाटतं की बाळा, छोटा घे. छोटा सेट, रात्री घरी आल्यावर काढून ठेवायचा, दुसऱ्या संध्याकाळी नवा टॅब लावून तोच सेट, नऊच्या नऊ रात्री निघतात. सकाळी मोकळ्या हातांनी कणीक मळता येते, आरतीला जाता येतं, ऑफिस करता येतं. गौरींच्या वेळी पण हेच, सकाळी नैवेद्याचा स्वयंपाक स्वच्छ हातांनी आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला नखं. ग्लूमध्ये हे जमूच शकत नाही.

आणि वाढायचं असेल तर नखं नकोतच, टॅबची नकोत आणि ग्लूची पण नकोत. ग्लूचंही नख पडतं, आणि पंगतीत लहान मुलं बसलेली असतात, कोणाच्या घासात गेलं तर? यावर मी कोणाशी वाद घालणार नाही. वाढप झालं, हात धुतले, पुसले, मग फोटोच्या आधी लावा.

बुरशीचं म्हणाल तर भीती योग्य आहे पण ती टॅबची म्हणून नाही. नख आणि वरच्या प्लास्टिकमध्ये पाणी अडकून राहिलं की त्या ओलीत जंतू वाढतात. हिरवट डाग पडतो त्याला सगळे बुरशी म्हणतात, तो बहुतेक वेळा स्यूडोमोनास नावाच्या बॅक्टेरियाचा असतो. ग्लूखाली एका कडेला फट पडली आणि बाकी नख घट्ट असलं तर माणूस तसंच आठवडाभर घालून हिंडतो, वरून अजून एक थेंब ग्लू घालून ती ओल आतच बंद करतो, हे जास्त वाईट. टॅबची कड उचलली तर दाबून परत बसवू नका, काढा, नख धुवा, कोरडं करा, हवं तर नवा टॅब. दोन-तीन दिवसांच्या वर एका वेळी घालू नका. नख आधीच पिवळं, जाड किंवा मांसापासून सुटलेलं असेल तर वर काहीही चिकटवायचं नाही, डॉक्टरला दाखवा. आणि ज्या नर्स किंवा डॉक्टर आहेत त्यांनी ड्युटीवर कुठलीच खोटी नखं घालू नयेत, डब्ल्यूएचओने २००९ च्या हात स्वच्छतेच्या नियमांत हे स्पष्ट सांगितलंय. ऑपरेशनला जाताना सुद्धा काढून जा, बोटाला ऑक्सिजनचा क्लिप लावतात त्याचं रीडिंग नखांमुळे चुकू शकतं.

पार्लरच्या एक्स्टेंशनला माझा विरोध नाही, ज्यांना महिनाभर नखं हवीत आणि चांगला हात असलेली मुलगी माहितीये त्यांनी खुशाल करावं. पण त्यात नखावर लावून लॅम्पखाली सुकवतात ते जेल पूर्ण सुकलं नाही आणि कातडीला लागत राहिलं तर त्यातल्या ॲक्रिलेटची ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती सहसा जन्मभर राहते. युरोपियन युनियनने २०२० मध्ये त्यातल्या हेमा नावाच्या घटकाची नेल प्रॉडक्ट्स फक्त प्रोफेशनल लोकांनीच वापरावीत असा नियम केला तो याच कारणाने. त्यामुळे ऑनलाइन लॅम्प मागवून घरीच जेल लावायचा जो दुसरा सल्ला खालच्या प्रतिक्रियांत एका ताईंनी दिलाय, तो कृपया घेऊ नका. टॅब लावल्यावरही बोटाला खाज आली, लाल झालं तर लगेच काढा आणि परत लावू नका.

राहिला तुमचा जुन्या टॅबचा प्रश्न. आधी बोटं कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब घालून दहा मिनिटं ठेवा, नख बाजूने हलवत हलवत सोडवा, वर उचकटायचं नाही. आपल्या नखावर जो टॅब उरतो त्यावर खोबरेल तेल चोळून थोडं थांबा आणि अंगठ्याने एका कडेकडून घासत जा, गोळी होऊन निघतो. प्लास्टिकच्या नखाच्या आतला मात्र तेलाने काढू नका, पुढच्या वेळी तिथेच नवा टॅब लावायचाय. त्याला चिमट्याने एक कोपरा पकडून हळूहळू ताणा, वर ओढण्यापेक्षा नखाच्या पातळीत आडवा ताणला की रबरासारखा लांबत अख्खा येतो. तुकडे राहिलेच तर अल्कोहोल स्वॅबने पुसा, ॲसिटोन लावलं तर नखच विरघळेल. मग पाकिटात नंबराप्रमाणे ठेवा, उरलेल्या टॅबची शीट पण त्यातच, आणि ते पाकीट स्कूटरच्या डिकीत नको, मे महिन्यात तिथे टॅबचा गम पातळ होऊन कागदालाच चिकटतो.