बूट खरे नाहीत, आणि गोळ्या झाडणारे हिटलरचे सैनिक नव्हते

हंगेरीच्या राजधानीतल्या, बुडापेस्टमधल्या, डॅन्यूब नदीकाठच्या बुटांचा फोटो पुन्हा ग्रुपांवर फिरतोय. सोबतचा मजकूर असा: हिटलरच्या सैनिकांनी इथे ज्यूंना बूट काढायला लावून गोळ्या घातल्या आणि तेच बूट 1944 पासून जसेच्या तसे जपून ठेवलेत. हत्याकांड शंभर टक्के खरं आहे. मजकूर मात्र दोन मोठ्या गोष्टी चुकवतो.

आधी बूट. ते लोखंडाचे आहेत. चित्रपट दिग्दर्शक जान तोगाय यांची कल्पना, शिल्पकार ज्युला पाउअर यांचं काम. 16 एप्रिल 2005 रोजी हे स्मारक उभं राहिलं. संसद भवनाजवळ, नदीच्या धक्क्यावर 60 जोड पक्के बसवलेत. चाळीसच्या दशकातली घडण: पुरुषांचे नाडीचे बूट, बायकांचे टाचेचे, मधेच एखादा लहान मुलाचा जोड. काही कलंडलेले. गंजलेल्या बुटांत लोक खडे, फुलं, मेणबत्त्या ठेवून जातात.

खरे बूट तिथे उरणं शक्यच नव्हतं. युद्धाच्या त्या हिवाळ्यात धड बुटांना मोल होतं. म्हणून तर ते आधी काढून घेत. मारेकऱ्यांनी ते वापरले, विकले. ‘जपून ठेवलेत’ म्हटलं की ही लूटच नाहीशी होते.

आणि 60 जोड म्हणजे 60 बळी, असंही नाही. बळी हजारोंनी होते, आणि ते याच एका जागी मारले गेले नाहीत.

सगळ्यात खटकतं ते ‘हिटलरचे सैनिक’. नदीवर गोळ्या झाडणारे अ‍ॅरो क्रॉस या हंगेरीच्याच फॅसिस्ट पक्षाचे हत्यारबंद लोक होते. मार्च 1944 मध्ये जर्मनीने हंगेरी ताब्यात घेतला, ऑक्टोबरमध्ये अ‍ॅरो क्रॉसचा नेता फेरेन्त्स सालाशीला सत्तेवर बसवलं, हे खरं. पण माणसांना घरांतून ओढून काठावर उभं करणारे हंगेरियनच होते. कधी दोघा-तिघांना एकत्र बांधून एकालाच गोळी घालत. बाकीचे त्याच्या ओझ्याने थंडगार पाण्यात बुडत. त्याआधी मे ते जुलैमध्ये सुमारे 4 लाख 37 हजार ज्यूंना, बहुतेकांना आउश्वित्झला, पाठवलं गेलं. ती धरपकडही हंगेरियन पोलिसांनीच केली.

काठावरच्या फलकावर अ‍ॅरो क्रॉसचं नाव स्पष्ट आहे. (‘ज्यू’ हा शब्द तिथे नाही, ही उणीव मला बोचते.) याउलट जवळच्याच साबाद्शाग चौकात 2014 मध्ये सरकारने जे स्मारक उभारलं, त्यात हंगेरी म्हणजे देवदूत आणि त्याच्यावर झडप घालणारा जर्मन गरुड. बुडापेस्टच्या नागरिकांनी त्याचा निषेध केला. समोर बळींचे फोटो, जुन्या वस्तू मांडल्या. आपल्या ग्रुपांवरचा मजकूर नकळत त्या सरकारी कथेचीच री ओढतो.

‘भावना पोचली ना, मग तपशील कशाला?’ असं कुणी म्हणेल. हत्याकांड झालंच नाही म्हणणारे अशाच चुकांवर टपलेले असतात. बूट 2005 चे निघाले, की ‘बघा, सगळंच खोटं’ म्हणायला ते मोकळे.

फोटो जरूर पाठवा. खाली एवढं लिहा: स्मारकशिल्प, 2005, बळी बुडापेस्टचे ज्यू, मारेकरी अ‍ॅरो क्रॉस.