सह्याद्रीला बोगदा पाडून कोकणचं पाणी मराठवाड्यात जाईल का? आधी पातळ्या बघा

दर पावसाळ्यात एक मजकूर मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो. सोबत नकाशा, त्यावर सह्याद्री ओलांडणारे निळे बाण. आशय असा: कोकणात हजारो टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) पाणी पडतं आणि समुद्रात वाया जातं. तिकडे मराठवाडा कोरडा. मध्ये आहे ती फक्त सह्याद्रीची भिंत. तिला चार-पाच बोगदे पाडले की पाणी आपोआप गोदावरीत उतरेल, वर कोकणातले पूरही थांबतील. कोयनेचं पाणी डोंगरातून काढता आलं, मग हे का नाही? सरकारला करायचंच नाही.

टँकरची वाट बघणाऱ्या गावात हा मजकूर आशेनं वाचला जातो. त्यामुळे तो हसण्यावारी न नेता त्यातला एकेक मुद्दा आकड्यांवर घासून बघायला हवा.

"कोकणात हजारो टीएमसी पाणी आहे"

हे खरं आहे. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ साली दिलेले आकडे आजही प्रमाण मानले जातात. राज्यातल्या सगळ्या नद्यांचं सरासरी वार्षिक पाणी १,६३,८२० दशलक्ष घनमीटर. त्यातलं ६९,२१० दशलक्ष घनमीटर कोकणातल्या पश्चिमवाहिनी नद्यांचं, म्हणजे जवळजवळ २,४४० टीएमसी. राज्याच्या साधारण एक दशांश जमिनीवर ४२ टक्के पाणी. गोदावरीचं राज्यातलं खोरं कितीतरी पट मोठं असूनही त्याच्या वाट्याला ५०,८८० येतं. चूक या आकड्यात नाही, त्यापुढच्या वाक्यात आहे.

"मध्ये फक्त सह्याद्रीची भिंत आहे"

सगळा गैरसमज इथे आहे. भिंतीच्या दोन्ही बाजूंना जमीन सारख्या पातळीवर असते. सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंना ती तशी नाही. चिपळूण आणि महाड समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर वर आहेत. पुणे ५६० मीटरच्या आसपास, छत्रपती संभाजीनगरही साधारण तेवढंच. जिथे पाणी न्यायचं म्हणतात त्या जायकवाडीच्या नाथसागराची पूर्ण संचय पातळी (धरण पूर्ण भरल्यावरची पाण्याची उंची) १५२२ फूट, म्हणजे जवळजवळ ४६४ मीटर. कोकण आणि देश (घाटावरचं पठार) यांच्यामध्ये डोंगर आडवा पडलेला नाही. देशच वर आहे. सह्याद्री म्हणजे त्या पठाराची पश्चिमेकडची तुटलेली कड.

बोरघाटातली रेल्वे हे रोज दाखवते. कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लागतात, ३७ मीटरला १ मीटर असा चढ चढत गाडी लोणावळ्याला पोचते. साडेपाचशे मीटरच्या आसपास चढलेली ही गाडी पुढे पुण्यापर्यंतच्या चौसष्ट किलोमीटरांत उतरते किती? साठ-सत्तर मीटर. घाट चढून झाल्यावर पलीकडे उतार लागतच नाही.

आता बोगद्याकडे या. घाटाच्या पायथ्याशी, समजा ६० मीटर उंचीवर, कोकणातल्या नदीचं पाणी धरलं आणि तिथून पूर्वेकडे उताराचा बोगदा काढला. पाणी वाहायचं तर बोगद्याची पातळी पुढे पुढे ६० मीटरच्या खालीच जाणार. पुण्याखाली तो पाचशे मीटर खोल असेल, नाथसागराखाली चारशे. जमिनीच्या पृष्ठभागावर तो येणार कुठे? कृष्णेच्या पात्रावरून अंदाज घ्या. नागार्जुनसागरची पूर्ण संचय पातळी ५९० फूट, म्हणजे १८० मीटर. तिथेही आपला बोगदा जमिनीत गाडलेलाच. त्याच्याही खाली पुलिचिंतला धरणाची पातळी ५३ मीटरच्या आसपास आहे. आंध्रात, बंगालच्या उपसागराच्या उंबरठ्यावर, हे पाणी पहिल्यांदा उजेड बघेल.

आणि बोगदा तिरपा, चढता काढला तर? मग पाणी वाहील, पण उलट्या दिशेनं. देशावरचं पाणी कोकणात.

नद्या हीच गोष्ट सांगतात. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, अरबी समुद्रापासून साधारण ८० किलोमीटरवर. तरी तिकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर पूर्वेला जाते. कृष्णेचा उगम समुद्रापासून ६४ किलोमीटरवर, प्रवास १,४०० किलोमीटरांचा. पठार पूर्वेकडे कललेलं आहे आणि जलविभाजक, म्हणजे पावसाचं पाणी पूर्व-पश्चिम वाटणारी रेषा, बहुतेक ठिकाणी अगदी कड्याच्या ओठावर आहे. म्हणून घाटमाथ्यावर कड्याच्या आत पडलेला पाऊस बोगद्याशिवाय, खर्चाशिवाय पूर्वेकडेच जातो आहे. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री यांच्यात येतं ते मुख्यतः कड्यावर आणि त्याच्या खाली पडलेलं पाणी. ते खालीच पडलेलं असल्यामुळे खालीच मिळतं.

"कोयनेत करून दाखवलंय"

कोयनेत याच्या नेमकं उलट केलं आहे. कोयना ही कृष्णेची उपनदी, देशाकडची. शिवसागर जलाशयाची पूर्ण संचय पातळी सुमारे ६५९ मीटर. तिथलं पाणी बोगद्यातून घाटाखाली पोफळीच्या वीजगृहात पडतं, तिथून कोळकेवाडीच्या धरणात, मग आणखी एका वीजगृहातून वाशिष्ठीत. पाणी पडतं म्हणून वीज होते. टाटांची खोपोली (१९१५), भिवपुरी आणि भिरा ही वीजगृहंही भीमेच्या खोऱ्यातलं पाणी असंच घाटाखाली सोडून चालतात.

पाणी घाट चढताना बघायचं असेल तर घाटघरला बघावं. तिथला उदंचन प्रकल्प २५० मेगावॉटचा. वरचं तळं प्रवरेच्या उगमाकडच्या भागात, खालचं शहापूर तालुक्यात चोंढे इथे. मागणी जास्त असते तेव्हा पाणी खाली सोडून वीज करायची, मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपाने वर घ्यायचं. मिळते त्याहून जास्त वीज वर चढवताना लागते, आणि तरीही तो प्रकल्प योग्य ठरतो, कारण तिथे विकली जाते ती मोक्याच्या वेळची वीज. पाणी तेच फिरतं. सिंचनाचा हिशोब असा बसत नाही, कारण वर नेलेलं पाणी शेतात मुरतं.

तो हिशोब मांडू. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी ५०० मीटर उचलायला निव्वळ १.३६ युनिट वीज लागते. पंप, मोटर आणि नळातलं घर्षण धरून पाऊण कार्यक्षमता मानली तर १.८ युनिट. एका टीएमसीत २ कोटी ८३ लाख घनमीटर पाणी, म्हणजे ५ कोटींहून थोडी जास्त युनिटं. शंभर टीएमसीला ५१० कोटी युनिट. हे पाणी पावसाळ्याच्या १२० दिवसांतच उचलायचं तर रात्रंदिवस सुमारे १,७७० मेगावॉट लागतात. कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट आहे. म्हणजे जवळजवळ एक अख्खी कोयना चार महिने न थांबता फक्त पंपांना जुंपायची.

हे पाणी उसाला दिलं तर काय होतं? हेक्टरी वर्षाला २०,००० घनमीटर धरा. फक्त घाट चढवायला ३६,००० युनिट. सहा रुपये दराने २ लाख १६ हजार रुपये, एका हेक्टरला, दरवर्षी. धरण, बोगदा, कालवा, देखभाल वेगळी. हेक्टरी नव्वद टन ऊस आणि टनाला तीन हजार रुपये धरले तर शेतकऱ्याची एकूण आवक २ लाख ७० हजार. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजना कोकणाएवढ्या खोलातून पाणी उचलत नाहीत, तरी तिथल्या वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने उचलल्यावर उरलेल्या १९ टक्क्यांच्या वसुलीवरही ओढाताण झाली आहे.

पिण्याच्या पाण्याचं गणित मात्र वेगळं आहे आणि तेही सांगायला हवं. माणशी रोज ५५ लिटर म्हणजे वर्षाला २० घनमीटर. उचलायला ३६ युनिट, सव्वादोनशे रुपयांच्या आत. २०११ च्या जनगणनेतली मराठवाड्याची लोकसंख्या १ कोटी ८७ लाख. एवढ्या सगळ्यांना असं पाणी द्यायला १३ टीएमसी पुरतात. पण नाथसागराचा एकट्याचा उपयुक्त साठा ७६ टीएमसींचा आहे. धरण भरलेलं असताना गावाला टँकर लागत असेल तर अडचण वाटपात आणि नळयोजनेत आहे, तिचं उत्तर घाटाखाली सापडणार नाही.

"कोकणातले पूर थांबतील"

शंभर टीएमसी १२० दिवसांत सारखे वाटून उचलले तर वेग येतो २७३ घनमीटर प्रतिसेकंद, साडेनऊ हजार क्युसेकच्या (घनफूट प्रतिसेकंद) आसपास, तोही सगळ्या कोकणातल्या पंपांचा मिळून. आता फक्त ५०० चौरस किलोमीटरचा एक पाणलोट घ्या. त्यावर दिवसभरात २०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ऐंशी टक्के वाहिला, तर ३२ हजार क्युसेकहून जास्त पाणी येतं. ही दिवसाची सरासरी. शिखर त्याहून बरंच वर. घाटात असा पाऊस पडणं काही नवलाचं नाही. शिवाय कोकणातल्या नद्या पहिल्या काही किलोमीटरांत सातआठशे मीटर कोसळतात आणि मग सपाटीवर येऊन थबकतात. वाशिष्ठीत भरतीचं पाणी गोवळकोटपर्यंत येतं. वरून लोंढा आणि खालून उधाण एका वेळी आलं की पाण्याला वाट उरत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणने ते भोगलं.

पाऊस असा झोडपून येतो म्हणून तो पंपापर्यंत पोचवायला आधी साठवावा लागतो, म्हणजे पायथ्याशी मोठी धरणं. अरुंद, तीव्र उताराच्या दऱ्यांत उंच भिंत बांधूनही साठा बेताचा मिळतो, आणि बुडतात ती नेमकी भातखाचरं आणि वाड्या, कारण सपाट जमीन तेवढीच असते. त्याच्या खाली गेलं तर पाणी खारं.

"समुद्रात जाणारं पाणी वाया जातं"

कोकणात पाणी मुबलक आहे ते चार महिने. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या सड्यावर पाणी ठरत नाही. भेगांमधून झिरपून जातं आणि फेब्रुवारीपासून वहाळ आटायला लागतात. शहापूर तालुक्यात भातसा, तानसा आणि मोडकसागर असूनही उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांना टँकर लागतात. ज्याला जास्तीचं म्हणतात त्या पाण्यावर पहिला हक्क सांगणारे लोक त्याच काठावर राहतात.

आणि खाडीचं काय? पावसाळ्यातला गोड्या पाण्याचा लोंढा खाडीतलं खारं पाणी मागे ढकलतो, किनाऱ्याला गाळ-वाळू पुरवतो. तिसऱ्या आणि कालवं हे शिंपले, कोळंबी, खाडीतली मासळी यांची वाढ या गोड्या-खाऱ्या अदलाबदलीवर चालते. प्रवाह कमी झाला की भरतीचं पाणी नदीत आणखी आत शिरतं, काठच्या विहिरी मचूळ होतात आणि भातशेती खारीपाट होते. ही हानी आधीच तोट्यात असलेल्या हिशोबात अजून धरलेलीच नाही.

मग पूर्वेकडे काहीच नेता येत नाही का?

येतं, पण जिथे पश्चिमेकडे जाणारं पाणी कडा उतरण्याआधी वरच हाती लागतं तिथेच. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत नार, पार, दमणगंगा या नद्यांचे उगमाकडचे भाग घाटमाथ्याच्या टप्प्यांवर आहेत. ऊर्ध्व वैतरणेचा जलाशय सुमारे ६०० मीटरवर आहे, तर घाटाखालचं भातसा धरण दीडशे मीटरच्याही आत. त्यामुळे वैतरणेचं पाणी शेजारच्या गोदावरी खोऱ्यात वळवण्याची चर्चा होऊ शकते, भातसाचं नाही. मांजरपाड्याच्या प्रवाही वळण योजनेत पारेच्या खोऱ्यातलं पाणी बोगद्याने, पंपाशिवाय, पुणेगाव धरणाकडे येतं. बोगदा इथे कामाचा ठरला कारण त्याची दोन्ही तोंडं पठारावर आहेत.

मर्यादाही लक्षात घ्यावी. मांजरपाड्याचं पाणी एका टीएमसीहून कमी आहे. दोन मीटर पाऊस आणि सत्तर टक्के वाहतं पाणी धरलं तर एका टीएमसीला २० चौरस किलोमीटर पाणलोट लागतो, शंभर टीएमसीला २,०००. घाटमाथ्यावर पश्चिमेकडे उतरणारा एवढा पाणलोट एका जागी नाही, तुकड्या-तुकड्यांत आहे. नार-पार-गिरणासारख्या मोठ्या जोडणीत म्हणूनच अनेक छोटी धरणं आणि उपसा दोन्ही आले.

खरा मोठा आकडा फिरणाऱ्या मजकुरात कुठेच नसतो. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाच्या निवाड्यानुसार कोयनेतून वर्षाला ६७.५ टीएमसी आणि टाटांच्या तलावांतून ४२.६ टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवता येतं. एकूण ११० टीएमसी, पठारावरच असलेलं, आणि आपण ते खाली सोडतो. मुळशी, आंध्रा आणि लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी पूर्वेकडे सोडलं तर ते उताराने भीमेतून उजनीत येतं, आणि उजनीतूनच बीड-धाराशिवसाठी कृष्णा-मराठवाडा योजनेची आखणी आहे. कोयनेत एक टीएमसी पाणी सगळे टप्पे उतरताना चार कोटी युनिटांच्या आसपास वीज देतं. तेवढंच पाणी कोकणातून वर आणायला पाच कोटी लागतात. खालचं उचलण्यापेक्षा वरचं वर ठेवणं स्वस्त. त्याची किंमत मात्र खरी आहे: संध्याकाळी मागणी एकदम चढते तेव्हा काही मिनिटांत सुरू होणारी वीज कमी होईल, उन्हाळ्यात वाशिष्ठीला वाहतं ठेवणारं कोयनेचं अवजल (वीज करून बाहेर पडणारं पाणी) घटेल, भिऱ्याच्या पाण्यावर चालणारी कुंडलिकाकाठची शेती आणि रोह्याचे कारखाने यांना दुसरी सोय द्यावी लागेल. शिवाय कृष्णेच्या पाण्याचा वापर बदलायचा तर लवादाच्या चौकटीत, खालच्या राज्यांच्या हरकती ऐकूनच बदलावा लागेल.