‘पत्रा तो पत्राच’ म्हणणाऱ्या काकांना

काका, नमस्कार. तुम्ही मला सरळ ‘अरे’ म्हणालात, तर ‘काका’ म्हणायची मोकळीक मीही घेतो. भोसरीत पंचवीस वर्षं पत्रा वाकवलेल्या माणसाने कान धरला तर ऐकून घ्यायलाच हवं.

माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १९६६च्या सेसना १५० या माझ्या छोट्या विमानाच्या शेपटाकडचा गंजलेला पत्रा बदलायला मी २०२४-टी३ या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची महागडी शीट आणली. इथल्याच, अमेरिकेतल्या, कुठल्याही धातूच्या दुकानातली ६०६१-टी६ हा दुसरा अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू निम्म्या पैशांत आला असता, गंजलाही कमी असता. फार तर थोडा जाड घ्यायचा. ‘विमान म्हटलं की व्यापारी लुटतो, आणि तू हौसेने लुटून घेतोस.’

गंजाचं तुमचं बरोबर, माझं चूक. २०२४मध्ये चार टक्क्यांच्या आसपास तांबं असतं. ताकद त्यानेच येते आणि गंजही त्यानेच धरतो. म्हणून बाहेरचा पत्रा अल्क्लॅड घेतात: दोन्ही बाजूंना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा थर, पातळ शीटमध्ये एकेका बाजूला जाडीच्या जेमतेम पाच टक्के. पॉलिश पेपर जोरात फिरवला की संपलाच तो. ‘२०२४ गंजत नाही’ हे वाक्य मी लेखातून काढलंय. आणि हो, ६०६१ची अख्खी विमानं असतात. झेनिथ कंपनीची, घरी जोडायच्या विमानांची किट त्याचीच. पण ती त्याच धातूचा हिशोब धरून आखलेली आहेत.

माझं विमान तसं नाही. २०२४-टी३ची ताण सोसण्याची ताकद साधारण ६५ हजार पौंड दर चौरस इंचाला, ६०६१-टी६ची ४५ हजार. म्हणजे मूळ ०.०२५ इंचाच्या जागी ०.०३६ हवा, बाजारात मिळणार ०.०४०. वजन दीडपटीच्या वर, तेही शेपटात, जिथे थोडंसं वजनही विमानाचा तोल मागे नेतं. शिवाय इथला नियम म्हणतो की दुरुस्ती मूळ स्थितीच्या किमान बरोबरीची हवी. ती तशी आहे यावर सही मेकॅनिकची असते, माझी नाही.

आता लुटीचं. जास्तीचे पैसे मी शीटवर ओळीने छापलेल्या अक्षरांचे दिले: मिश्रधातू, टेम्पर (म्हणजे धातू किती कडक केलाय; टी३, टी६ हे तेच), जाडी, स्पेसिफिकेशन. हे शहाणपण उशिरा आलं. दोन वर्षांपूर्वी एकाकडून छपाई नसलेला कटपीस स्वस्तात उचलला होता. घरी कडेवर कास्टिक सोड्याचं दहा टक्क्यांचं पाणी लावलं. मधला गाभा काळा पडला, दोन्ही कडा पांढऱ्या राहिल्या. म्हणजे तांबं आहे, वरचा थरही आहे. अल्क्लॅडच! वाकवायला घेतला तर लोण्यासारखा वळला, स्प्रिंगबॅक, म्हणजे वाकवल्यावर परत उलटणं, जवळपास नाहीच. तुम्हाला तिथेच कळलं असतं. मी मात्र आपला हात बसला म्हणून खूश! मेकॅनिकने कोपरा बोटांनी दुमडून पाहिला आणि फक्त विचारलं, ‘कागद कुठाय?’ तो पत्रा ओ टेम्परचा होता, मऊ, कडक करायची उष्णता-प्रक्रिया न झालेला. कास्टिक तांबं दाखवतो, टेम्पर नाही, आणि डोळ्यांना मऊ नि कडक दोन्ही पत्रे सारखेच. आता तो पत्रा ड्रिल मशीनखाली कीस गोळा करतो.

म्हणून कापतानाही छापलेला भाग शेवटपर्यंत राखून ठेवतो. पैसे वाचवायचेच तर वाहतुकीत. चार बाय बारा फुटांची ०.०२५ची शीट जेमतेम आठ किलोची, पण सपाट क्रेटमधून ट्रकने मागवली तर भाड्यानेच डोळे पांढरे होतात. आम्ही तिघांनी मिळून मागवल्या.

राहिलं पत्र्यावर रेघा मारायचं माझं स्केच पेन, ज्यावर तुम्ही सगळ्यात जास्त हसलात. तुमच्याकडे स्क्रायबरने, म्हणजे टोकदार सुईने, रेघ मारतात, ठाऊक आहे. मीही मारतो, पण फक्त कापायच्या रेषेवर. वाकवायच्या रेषेवर तोच ओरखडा पुढे तडा होतो. आणि शिसपेन्सिल तर नकोच. तिच्या ग्राफाइटने अ‍ॅल्युमिनियम गंजतं.