डावखुऱ्यांनी शिकार करायचीच नाही का?

कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा सीझन जवळ आला की दरवर्षी माझं डोकं फिरतं. दुकानात गेलं की भिंतभर रायफली, पण डावखुऱ्यांची म्हटलं की एखादी कोपऱ्यात, तीही जड बॅरलची (नळीची). आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो, उजव्या हाताचीच घ्या, होईल सवय. अहो कशी होईल? डाव्या खांद्याला रायफल लावली की बोल्ट (गोळी भरायचा आणि पुंगळी काढायचा दांडा) पलीकडच्या बाजूला, म्हणजे ट्रिगरवरचा हात काढा, स्कोपवरून (वरच्या दुर्बिणीवरून) पलीकडे न्या, बोल्ट ओढा, परत या, तोवर नजर हललेली आणि एल्क झाडीत गेलेला, वर झाडलेल्या गोळीची गरम पुंगळी नाकासमोरून उडते ती वेगळीच! कधी ही पुंगळी आतच फाटली तर गॅस आणि कचरा कुठे येणार याचा विचार करा जरा.

तीन हजार मीटरवर चढताना अर्धा किलो सुद्धा जाणवतो, म्हणून हलकी हवी, एवढंच मागणं आहे. टिक्का टी३एक्स लाइट ही रायफल डावखुऱ्यांसाठी मिळते, साधारण तीन किलोची, मस्त आहे, पण हव्या त्या कॅलिबरमध्ये (गोळीच्या मापात) मागितली की "ऑर्डर टाकावी लागेल", आणि कधी येईल ते विचारलं की खांदे उडवतात. कार्बन बॅरलवाल्या एकदम हलक्या मॉडेलांच्या जाहिराती बघून हरखायचं आणि खाली बारीक अक्षरात वाचायचं, फक्त उजव्या हातासाठी. जगात दहातला एक माणूस डावखुरा आहे हो. निदान .३०८ आणि ६.५ क्रीडमूर या कॅलिबरच्या डावखुऱ्या रायफली तरी शेल्फवर ठेवा, हातात धरून, खांद्याला लावून बघता येईल अशा.