सामोआतले चर्च खरोखरच बंदुकीच्या धाकाने आले का?

प्रशांत महासागरातील बेटांवर गोऱ्या पाद्र्यांनी बंदुकीच्या धाकाने ख्रिस्ती धर्म लादला, तिथली संस्कृती मुळासकट उखडली आणि आजही रविवारी अख्खा देश पाद्र्यांच्या भीतीने घरात बसतो, अशा आशयाचा मजकूर सामोआचे नाव घेऊन सर्वत्र फिरतो आहे. पाद्र्यांना पैसे देता देता लोक कंगाल झाले असून तिथे दुसऱ्या धर्माला थारा नाही, अशी पुस्तीही त्याला जोडलेली असते. तो पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु गोव्यात पोर्तुगीजांनी राजसत्तेच्या बळावर जे केले, तेच डोळ्यांपुढे ठेवून सामोआकडे पाहिल्याने सामोअन माणसांच्या कर्तृत्वावर अन्याय होतो.

प्रथम बंदुकीविषयी. लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स १८३० च्या ऑगस्ट महिन्यात सावाई बेटावरील सापापालिई गावी पोहोचले, तेव्हा सामोआवर कोणत्याही युरोपीय देशाचे राज्य नव्हते. जर्मनीचा झेंडा तिथे लागला तो १९०० साली, म्हणजे तब्बल ७० वर्षांनी. विल्यम्स यांना वाट दाखवणारा फाउएआ हा सामोअनच होता. तो त्यांना शेजारच्या टोंगा बेटांवर भेटला होता, आणि लोकांच्या नाचांना व खेळांना आल्या आल्या नावे ठेवू नका, हा शहाणपणाचा सल्ला त्यानेच दिला होता. ज्यांनी पाहुण्यांना आश्रय दिला ते मालिएतोआ वाइनुउपो त्या वेळी स्वतःच्याच युद्धात गुंतलेले बलाढ्य प्रमुख होते. त्यांच्यावर जबरदस्ती करण्याची ताकद एका छोट्या जहाजात नव्हती. विल्यम्स थोड्याच दिवसांत निघून गेले आणि मागे राहिले ते ताहितीच्या परिसरातील व कूक बेटांवरील आठ शिक्षक, म्हणजे सामोअनांच्या भाषेशी जवळचे नाते असलेल्या भाषा बोलणारी बेटांवरचीच माणसे. युरोपीय धर्मोपदेशक मुक्कामाला आले ते १८३५-३६ च्या सुमारास. लोखंडी अवजारांचे आणि परदेशी मालाचे आकर्षण या स्वीकारामागे होते, हे खरे आहे; पण तो हिशेब सामोअन प्रमुखांनी स्वतः केलेला होता. १८४४ मध्ये मालुआ येथे धर्मशिक्षणाची संस्था सुरू झाली आणि तिथे शिकलेले सामोअन तुवालूसारख्या दूरच्या बेटांवर धर्मोपदेशक म्हणून गेले. तुवालूच्या चर्चमध्ये तर शंभराहून अधिक वर्षे सामोअन भाषेतले बायबल वाचले जात होते.

संस्कृती उखडली, हे विधान अर्धेच खरे आहे. जुन्या देवतांची उपासना गेली, रात्रीचे काही नाच बंद पडले, आणि ही हानी लहान नाही. मात्र कुटुंबप्रमुख असलेल्या मताईंची व्यवस्था, त्यांची ग्रामसभा, 'आवा' हे मुळांपासून बनवलेले पेय पिण्याचा विधी आणि कमरेपासून गुडघ्यापर्यंतचे 'पेआ' हे गोंदण आजही टिकून आहे. पाद्र्याला गावाने दिलेले स्थान तर मला विशेष महत्त्वाचे वाटते. सामोअन समाजात भावाने बहिणीचा मान राखण्याच्या पवित्र बांधिलकीला 'फेआगाइगा' म्हणतात, आणि हेच नाव गावाने पाद्र्याशी असलेल्या आपल्या नात्याला दिले. परक्या धर्माचा माणूस अशा रीतीने बहिणीच्या जागी बसवून घेतला गेला.

आता पाद्र्यांच्या भीतीविषयी. संध्याकाळी अनेक गावांत शंख फुंकला जातो किंवा झाडाला टांगलेल्या रिकाम्या गॅस सिलिंडरवर ठोके पडतात, आणि 'सा' म्हणजे प्रार्थनेची वेळ सुरू होते. गावातले तरुण रस्त्याच्या कडेला उभे राहून ये-जा थांबवतात. घरोघरी चटईवर बसून एक भजन म्हटले जाते, बायबलमधला उतारा वाचला जातो, वडीलधारे प्रार्थना करतात, आणि मगच जेवणे होतात. हा नियम ग्रामसभेचा असतो व तो मोडणाऱ्याला दंड करते तीही ग्रामसभाच. पाद्री त्या सभेचा सदस्य नसतो. रविवारचेही तसेच. पहाटे तापलेल्या दगडांच्या 'उमू' भट्टीत अळकुड्यांच्या जातीचे मोठे कंद आणि अळूच्या पानांत गुंडाळलेले नारळाचे घट्ट दूध भाजायला ठेवायचे, पांढरे कपडे घालून चर्चला जायचे आणि परतल्यावर सर्वांनी मिळून 'तोओनाई' हे भोजन करायचे, असा तो दिवस असतो. त्याला भीतीने घरात बसणे म्हणणे अनुचित आहे.

पैशांच्या आरोपात मात्र तथ्य आहे आणि ते मी झाकणार नाही. काही चर्चमध्ये कोणत्या कुटुंबाने किती दिले, हे सर्वांसमोर वाचून दाखवले जाते. त्या लाजेपोटी गरीब घरे ऐपतीबाहेर देतात, आणि न्यूझीलंडमध्ये राबणाऱ्या नातेवाइकांचे पैसेही त्यात जातात. ही प्रथा मला क्लेशदायक वाटते. पण तिला विरोध करणारेही सामोअनच आहेत: पाद्र्यांच्या उत्पन्नावर कर लावणारा कायदा २०१७ मध्ये तिथल्याच संसदेने केला, आणि सर्वांत मोठ्या चर्चने त्याला कडवा विरोध केला.

राहिला इतर धर्मांना थारा नसल्याचा मुद्दा. २०१७ मध्येच राज्यघटनेत सामोआ हे ख्रिस्ती राष्ट्र असल्याचे कलम आले, हे खरे आहे, परंतु धर्मस्वातंत्र्याचे कलम कायम राहिले. नवा पंथ आणणाऱ्यांना काही गावांनी त्रासही दिला आहे. तरीही १९६२ पासून २००७ पर्यंत या देशाच्या राष्ट्रप्रमुखपदी असलेले मालिएतोआ तानुमाफिली दुसरे हे बहाई धर्माचे अनुयायी होते, आणि आपिया शहराच्या वरच्या डोंगरावर तियापापाता येथे १९८४ पासून बहाई उपासना मंदिर उभे आहे. विल्यम्स यांना आश्रय देणाऱ्या प्रमुखांचा 'मालिएतोआ' हा किताबच ते धारण करत होते.